एका दिवसाची वारी : नीरेच्या खोऱ्यातला कोणता टप्पा आईला झेपेल?

तुमचं विचारणं थोडक्यात असं आहे. तुम्ही कराडचे, आईचं वय 63, दहा वर्षांपासून साखर, गोळ्या चालू, रोज सकाळी तासभर फिरायला जाते. माउलींच्या पालखीबरोबर सातारा जिल्ह्यात एक दिवस तरी चालायचं तिच्या मनात आहे आणि तुम्हाला सुट्टी एकच मिळणार. तुम्ही तरडगाव ते फलटण हा 21 किलोमीटरचा टप्पा धरलाय. तो झेपेल का, गर्दी टाळून नीरेच्या काठाकाठाने जाणारी वाट आहे का, असं विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, की आई अनवाणी चालायचं म्हणतेय.

मी साताऱ्याची, निवृत्त परिचारिका. पंधरा वर्षं दिंडीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालले. 2020 आणि 2021 ला पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीने गेल्या. त्या दोन वर्षांत घरी बसून माझे गुडघे जे आखडले ते पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत. आता मी नीरा ते फलटण एवढंच करते, त्यातही निम्मा वेळ रस्त्याच्या कडेला पिशवी उघडून लोकांचे पाय बघत बसते. तेव्हा मी सांगणार ते पायांच्या बाजूने. अभंगांच्या बाजूने सांगणारे माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत.

आधी तुमचे 21 किलोमीटर घेऊ. तरडगावातून पालखी सकाळी साडेसहाच्या आसपास हलते आणि फलटणला विमानतळावरच्या तळावर पोचेपर्यंत संध्याकाळ होते. अकरा तास धरा. आई सकाळच्या फेरीत तासाला चार किलोमीटर चालत असेल तर हेच अंतर तिला सव्वापाच तासांचं. मग उरलेले पावणेसहा तास ती काय करणार? थोडा वेळ जेवण आणि विसावा, बाकी सगळा वेळ उभी राहणार. पुढची दिंडी थांबली की मागची थांबते. कुठे आरती, कुठे गावचं स्वागत, कुठे नुसताच खोळंबा. चार पावलं चालायचं, परत थांबायचं. चालताना आपल्या पोटऱ्या पंपासारख्या काम करतात, पायांत उतरलेलं रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की तो पंप बंद पडतो. रस्त्याकडेला मी आजवर जेवढ्या बायांना आडवं करून पाय वर धरून बसले, त्यातल्या बहुतेक जणी थांबल्या जागी मटकन बसलेल्या होत्या. चालता चालता पडलेल्या फार थोड्या.

म्हणून माझ्याकडे कुणी एक दिवसाचं विचारलं की मी दोनच गोष्टी बघते. किती तास रस्त्यावर काढायचे आहेत, आणि मध्येच नको झालं तर बाहेर कसं पडायचं. अंतराचा आकडा त्यानंतर.

तरडगाव-फलटण टप्प्याची अडचण या दुसऱ्या गोष्टीत आहे. काळज, सुरवडी, निंभोरे, वडजल ही गावं रस्त्यावर आहेत, पण त्या दिवशी रस्ता वाहनांना बंद असतो. निंभोऱ्याच्या ओढ्याजवळ आईचे पाय थकले तर तुम्ही फोन करून रिक्षा बोलवाल आणि रिक्षावाला फलटणहून निघेल, असं होत नाही. अॅम्ब्युलन्स असते, ती आजाऱ्याला. थकलेल्या माणसाला ती मिळत नाही आणि मिळूही नये. दिंडीत असलात तर दिंडीचा ट्रक पुढे तळावर गेलेला असतो. म्हणजे मध्ये शिरलात की पुढे फलटण किंवा मागे तरडगाव, तिसरं काही नाही. रोज तासभर फिरणाऱ्या, साखर असलेल्या 63 वर्षांच्या बाईसाठी हा टप्पा मी निवडणार नाही. तुम्ही एकटे येत असाल तर खुशाल या.

आता नदीकाठाचं. नकाशात पालखीचा मार्ग नीरेच्या खोऱ्यातून जातो, त्यामुळे नदी कायम सोबत असेल असं वाटतं. तसं नाही. नदी खरी भेटते ती एकदाच, नीरा गावाच्या पुलावर. तिथे दत्त घाटावर पादुकांना नीरा स्नान घालतात आणि पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपून आपला सातारा सुरू होतो. (तुकोबांच्या पादुकांनाही नीरेचंच स्नान असतं, पण ते खूप खाली, सराटीला.) त्यानंतर नदी उत्तरेकडे काही अंतरावरून समांतर वाहत राहते. रस्त्यावरून ती दिसत नाही, तिचं काम दिसतं: उजवा कालवा, कालव्याखालचा ऊस, आणि कालवा संपला की लगेच उघडं माळरान. दक्षिणेला महादेवाच्या डोंगररांगा. पाऊस त्यांच्या पलीकडे, महाबळेश्वर-वाईकडे पडून जातो. इकडे आषाढातही धुळीचा वारा असतो.

कालव्याच्या भरावावरून सावलीत चालू असं काहींना सुचतं. कृपा करून तसं करू नका. भराव ओला झाला की साबणासारखा निसरडा, कालव्याला कठडा नाही आणि आत पडलेल्या माणसाला सिमेंटच्या उतारावर हाताला धरायला काही सापडत नाही. तिथलं पाणी पिऊही नका, पाय धुवायलाही उतरू नका. वारीचा रस्ता म्हणजे डांबरी किंवा सिमेंटचा हमरस्ताच. त्याचंही रूप बदललंय. 2021 च्या नोव्हेंबरात पालखी महामार्गाची पायाभरणी झाली, त्यानंतरच्या रुंदीकरणात जुनी झाडं बरीच गेली. पूर्वी वडाखाली पाच मिनिटं टेकता यायचं तिथे आता दुभाजक आहे. सिमेंट दुपारी तापतं आणि डांबरापेक्षा टाचेला जास्त लागतं. रस्ता सरळ झाला, रुंद झाला, हे बरंच झालं. पण सावली तुम्ही बरोबर आणायची, छत्रीच्या रूपाने.

मग कोणता टप्पा? इथे मला तुमच्याकडून एक गोष्ट कळली नाही. तुम्ही सगळं लिहिलंत, आईची साखर, तिचं फिरणं, तुमची सुट्टी. पण आईला त्या दिवसात नेमकं काय पाहिजे हे कुठेच नाही. पालखीच्या मागून पायी चालायचा नवस आहे? रिंगण डोळ्यांनी बघायचंय? की स्नानाच्या दिवशी नदीवर असायचंय? उत्तर यावर आहे आणि ते तुम्ही परस्पर ठरवू नका. एका मुलाने आईला हौसेने फलटणपर्यंत चालवत आणलं होतं. संध्याकाळी तिच्या पोटऱ्यांना तेल लावताना मी विचारलं, कसं वाटलं माउली? म्हणाली, "सगळं बरं झालं बाई, पर मला घोडं बघायचं हुतं." घोडं आदल्या दिवशी, तरडगावच्या अलीकडे, धावून गेलं होतं.

रिंगण हवं असेल तर लोणंद ते तरडगाव. अंतर आठेक किलोमीटर. पालखी लोणंदहून दुपारी, जेवणानंतर निघते आणि मध्ये चांदोबाचा लिंब इथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. (गोल रिंगणं पुढे, सोलापूर जिल्ह्यात.) रस्त्यावरच दिंड्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात, चोपदार मधली वाट मोकळी करून घेतात आणि मग त्या वाटेने अश्व दौडतात. माउलींच्या अश्वावर स्वार नसतो, दुसऱ्यावर असतो. सगळा खेळ काही मिनिटांचा. घोडा गेला की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला एकदम मध्ये धावतात. धोका तिथे आहे. घोड्याचा नाही, माणसांचा. आईला पुढच्या रांगेत घुसवू नका. रस्त्याच्या उंच कडेला, पाठीमागे शेताकडे उतरायची वाट राहील अशी जागा पाहा. त्यासाठी पालखीबरोबर निघून उपयोग नाही. सकाळी नऊ-दहालाच पुढच्या मोकळ्या वारकऱ्यांबरोबर लोणंद सोडा, हळूहळू जा, लिंबापाशी जाऊन सावली धरून बसा. चालणं दोन-अडीच तासांचं, बाकी बसणं. बसलेलं चालतं, उभं राहिलेलं नाही.

परतीचं मात्र इथेही अवघड. रिंगण संपल्यावर उलटं लोणंदकडे यायचं तर समोरून सगळा समाज येत असतो. त्यापेक्षा पालखी तरडगावात शिरेपर्यंत गावातच कुठे टेका आणि रात्र तिथेच काढा. दिंडीत ओळख असेल तर राहुटीत, नसेल तर आधी नातेवाइकांत चौकशी करून. सातारा जिल्ह्यात प्रत्येकाचं कुणी ना कुणी फलटण तालुक्यात दिलेलं असतं. पण तुमची सुट्टी एका दिवसाची आहे, तेव्हा हे जमेल का ते तुम्ही बघा.

तुमच्या परिस्थितीत मी आईला नीरा ते लोणंद चालवेन. कारण अगदी साधं आहे. सात-आठ किलोमीटर अंतर आणि दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन. तुम्ही कराडचे म्हणजे ओगलेवाडीला गाडीत बसलात की त्याच मार्गावर सातारा, वाठार, लोणंद आणि नीरा. रस्ता बंद असला तरी रूळ बंद नसतात. मोटारीने यायचं तर साताऱ्याहून सालपे घाट उतरून लोणंद, पण पालखीच्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते आणि गाडी कुठे उभी करायची हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. गाड्यांच्या वेळा आदल्या आठवड्यात स्टेशनवर पक्क्या करा, परतीची गाडी आधी ठरवा आणि मग उलटं मोजत निघायची वेळ काढा. डब्यात जागा मिळणार नाही हे धरून चाला. आईला बसायला जागा देतात, वारीच्या दिवसांत अजून तेवढं आहे.

त्या दिवशी पालखी वाल्ह्याहून येते, नीरेला दुपारचा विसावा होतो, मग स्नान, मग पूल ओलांडून पाडेगाव आणि संध्याकाळी लोणंद. घाटावर उतरायच्या फंदात पडू नका, पादुका दिसायच्या नाहीत, लोकांच्या पाठीच दिसतील. पुलाच्या सातारच्या बाजूला लवकर येऊन बसा. नदी समोर असते, पताका येताना दिसतात आणि आपल्या जिल्ह्यात पालखी शिरतानाचा क्षण आईला मिळतो. या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आपल्या सातारा तालुक्यातल्या आरफळचे, त्यामुळे सातारकराला त्या पुलावर थोडं जास्तच भरून येतं, माझं तरी तसं होतं. मग पालखीला पुढे जाऊ द्या किंवा तिच्या बरंच आधी निघा. पालखीच्या अगदी लगत, रथामागे, चालायचा अट्टहास नको. रथापुढच्या 27 आणि मागच्या क्रमांकाच्या दिंड्या आपापल्या शिस्तीत चालतात, त्यांच्या मध्ये घुसणं त्यांनाही जड जातं आणि थांबणंही तिथेच सगळ्यात जास्त.

तारीख ठरवताना एक लक्षात ठेवा. लोणंदचा मुक्काम तिथीप्रमाणे कधी एक रात्र, कधी दोन असतो. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवरून हिशेब करू नका, यंदाचं वेळापत्रक बघा. आणि हवेचा हिशेबही दर वर्षी वेगळा. आषाढी 2023 ला 29 जूनला आली, 2024 ला 17 जुलैला, 2025 ला 6 जुलैला. 2023 ला पालखी आपल्या जिल्ह्यात असताना मोसमी पाऊसच यायचा होता, त्या वर्षी आम्ही मलमपट्टीपेक्षा मीठ-साखरेचं पाणीच जास्त वाटलं. उशिराच्या वर्षी उलटं. पाय दिवसभर ओले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. म्हणून वारी लवकर आली असेल तर छत्री आणि पाणी जास्त, उशिरा आली असेल तर कोरड्या मोज्यांचे दोन जोड जास्त.

आता पाण्याचं, कारण बायकांच्या बाबतीत सगळ्यात मोठा घोळ इथे होतो आणि मुलांना तो कळत नाही. एका वर्षी काळजच्या पुढे उसाच्या ट्रॉलीच्या सावलीत एक बाई बसलेली दिसली. साठीची, खटावकडची. डोक्यावरची तुळस नीट बाजूला ठेवलेली, स्वतः मात्र ट्रॉलीच्या चाकाला टेकून डोळे मिटलेले. ओठांवर पांढरी पापडी, जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी. मनगट धरलं तर नाडी पळतेय. बाटली विचारली तर पडशीतून काढून दाखवली, काठोकाठ भरलेली, झाकणाचं सील तसंच. सकाळी मुलाने दिलेली. मी म्हटलं, माउली, पाणी जवळ असून प्यायला काय झालं? ती माझ्या कानाशी आली, "पाणी प्यालं की जावं लागतंय. आन् जायाचं कुठं एवढ्या मानसांत?"

तिथे मी तिला रागावले नाही, कारण मीही दिंडीत पहिली दोन वर्षं हेच केलं होतं. आता फिरती शौचालयं असतात, पण मुख्यतः तळांवर आणि विसाव्यांच्या ठिकाणी, आणि रांग असते. तेव्हा आईला "पाणी पीत राहा" एवढं सांगून भागणार नाही. तुम्ही वाटेतल्या शाळा, मंदिरं, वस्तीवरची घरं हेरून ठेवा आणि दर तासाला, तिने मागायच्या आत, स्वतःहून विचारा. रस्त्याकडेच्या घरातल्या बाईला आईने एकदा "माउली" म्हणून हाक मारली की न्हाणीघर उघडतं, माझा तरी अनुभव असाच. मुलगा सोबत असेल तर त्याने चार पावलं लांब थांबावं. एखादी बाई, मामी-मावशी कुणी, सोबत आणता आली तर फारच बरं. घोट-घोट पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी, आणि दुपारी एकदा जलसंजीवनीचं पाकीट पाण्यात. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजाने नाही. त्यात थोडी साखर असते, तेवढ्याने बिघडत नाही, पण दिवसभर तेच पीत बसायचं नाही.

साखरेचं दोन्हीकडून सांभाळावं लागतं. वाटेत जागोजागी चहा, बिस्किटं, केळी, शिरा, लाडू, आणि देणारा इतक्या प्रेमाने हातावर ठेवतो की नाही म्हणवत नाही. दुसरीकडे चालण्याने साखर उतरते आणि जेवण लांबलं तर एकदम उतरते. हे गोळीवर अवलंबून आहे. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ती भीती कमी, ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर जास्त. म्हणून आठवडाभर आधी तिच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, "या दिवशी सहा-सात तास उन्हात राहणार आहे, सकाळचा डोस किती घेऊ?" डोस स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. घाम सुटून हात कापायला लागले, बोलणं तुटक झालं, उगाच चिडचिड सुरू झाली, तर थांबवा, बसवा आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि बरं वाटलं की लगेच पोटाला काहीतरी. ती नीट गिळत नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ वैद्यकीय पथक गाठायचं. एक बरं, या टप्प्यात एकादशी येत नाही. तिचा स्वतःचा सोमवार-गुरुवार असेल तर तो त्या दिवसापुरता विठोबाच्या हवाली करायला सांगा.

आणि आता अनवाणी. तुम्ही शेवटच्या ओळीत टाकलंत, पण मला झोप न येऊ देणारी ओळ तीच होती. दहा वर्षांची साखर म्हणजे तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते आणि ती कमी झाल्याचं त्या माणसाला कळत नाही, कारण कळायला जे लागतं तेच गेलेलं असतं. तापलेल्या सिमेंटवर अशा पायाला चटका बसतो, फोड येतो, फुटतो, आणि बाई म्हणते, मला काही झालं नाही, किती हलकं वाटतंय. नंतर त्या जखमा भरायला महिने गेलेले मी वॉर्डात पाहिलेत, एक-दोघींचं बोट गेलेलंही पाहिलंय. साखर असलेल्या माणसाने वारीत अनवाणी चालायचं नाही, यावर माझ्याकडे "पण" नाही.

हट्ट कसा मोडायचा हा प्रश्न वेगळा. रागावून मोडत नाही. मी म्हाताऱ्या बायांना एवढंच विचारते, "आई, पालखीत काय आहे?" म्हणतात, माउलींच्या पादुका. "मग माउली पायात घालतात आणि तुम्ही घालायचं नाही होय?" हसतात आणि निम्म्या तरी चप्पल चढवतात. चप्पल-बूट नवे नकोत, निदान दोन महिने वापरलेले हवेत. माझी स्वतःची फजिती सांगते. तिसऱ्या वारीला मी कौतुकाने नवे कॅनव्हासचे बूट घेतले आणि लोणंद यायच्या आत दोन्ही टाचा सोलून बसले. परिचारिका म्हणून लोकांना सल्ले देत होते आणि तळावर माझ्याच पायाला पट्टी बांधायला दुसरी बाई. दुपारपर्यंत पाय सुजतात, म्हणून थोडे सैल. मोजे सुती आणि कोरडे, आतली शिवण बोटांवर येत नाही ना ते बघा. बेचक्यांत तेल-मलम काही लावू नका, तिथे कोरडंच बरं. टाचांना खोबरेल लावलं तरी रात्री, चालताना नाही.

फोड आलाच तर वारीत सुई-दोरा ओवून पाणी काढायची पद्धत आहे आणि दोरा तसाच आत ठेवतात. धडधाकट माणसाच्या फोडालाही मी दोरा ठेवू देत नाही, त्यातून घाण आत जाते. आईच्या फोडाला तर सुई लावायचीच नाही. वर स्वच्छ गॉझ, सैल पट्टी, आणि तिथून पुढे चालणं बंद.

चुकामुकीबद्दल एवढंच की "हरवलीस तर रथाजवळ थांब" असं चुकूनही सांगू नका. रथ चालत असतो. माझी जाऊ आणि मी चांदोबाच्या लिंबाला अशाच चुकलो, ती रथ धरून तरडगावात आणि मी रस्त्यावरच तिला हाका मारत. रात्री नऊला तळावरच्या कर्ण्यावरून तिचं नाव पुकारलं तेव्हा भेट झाली. त्या गर्दीत मोबाइल लागत नाहीत. न हलणारी खूण ठरवा: पुलाचं सातारच्या बाजूचं टोक, लोणंद स्टेशनचं तिकीटघर. आणि एका चिठ्ठीवर तिचं नाव, तुमचा नंबर, "साखर आहे", गोळ्यांची नावं लिहून ती पिनेने पदराच्या आत लावा. पर्स मागे राहते, पदर राहत नाही.

म्हणजे माझ्या मते फलटण नको. आईने रिंगण म्हटलं तर लोणंद-तरडगाव, मुक्कामाची सोय असेल तरच. तसं काही खास नसेल तर नीरा-लोणंद, रेल्वेने येणं-जाणं, पायात जुनी चप्पल.

हे सगळं ठरवायच्या आधी आज रात्री घरी एक करा. आईला पलंगावर पाय लांब करून डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीच्या टोकाने तिच्या एका पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, मग दुसऱ्या पायाची तीच तीन, क्रम बदलून, नुसतं हलकेच टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, एकदा टेकवलं की तेच बोट पुन्हा नाही. स्पर्श कळला की तिने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त चुकले तर तिकीट काढू नका. आधी डॉक्टरांना पाय दाखवा, आणि ते काय म्हणाले ते मला इथेच कळवा, मग टप्प्याचं पुन्हा बोलू.